घरची पुडी

३ जून

दादा,

आईचं कधी हाड मोडलंय का? मनगट, खुबा, बरगडी, कुठलंही. एवढंच कळव. तुला लिहायचं नसेल तर वहिनींना सांग, दोन ओळी पुरेत. तुझा फोन माझ्या नंबरावरून लागत नाही. का लागत नाही ते मला कळतं, म्हणून पत्र.

प्रश्न माझा नाही, इथल्या डॉक्टरबाईंचा आहे. गोदामाचं काम सोडून मी आता कपडे धुण्याच्या कारखान्यात आहे. हसू नकोस. हॉटेलांच्या चादरी येतात, ओल्या गाठोड्याला माणसाएवढं वजन असतं. हिवाळ्यात एक दिवस कामावर पाठीत काहीतरी खाली बसल्यासारखं झालं. मुकादमाला मी सांगितलं की भारी ओझं उचललं. तुला सांगतो, मी काहीच उचलत नव्हतो. शिंकलो होतो. शिंकेनं पाठ गेली म्हणून कोण सुट्टी देणार?

पुढं बरेच दिवस मलम चोळलं. मग पाठीचा फोटो काढला आणि तिथून मला मोठ्या इस्पितळात पाठवलं, ठिसूळ हाडांच्या दवाखान्यात. बाकांवर सगळ्या आज्या. काही वाकलेल्या, काहींच्या हाताला प्लास्टर. शेजारची म्हणाली, कोणाला घेऊन आलास बाळा? मी म्हटलं, स्वतःलाच. तिला वाटलं चेष्टा करतोय. सिस्टरनी माझं नाव पुकारलं तेव्हा त्यासुद्धा माझ्या मागं कोणी म्हातारं माणूस आहे का ते बघत होत्या.

भिंतीला पट्टी लावलेली असते, तिच्याशी टाचा टेकवून उभं करतात. माझी उंची कामाच्या कार्डावर आहे त्यापेक्षा दोन बोटं कमी भरली. सिस्टरनी बूट काढलेत ना म्हणून परत पाहिलं आणि परत मोजली. तेवढीच.

मग बाईंचे प्रश्न. दारू किती, सिगरेट किती, लहानपणी दूध मिळायचं का, अंगावर ऊन घेतोस का, घरात कोणाला पोक आलंय का, आईचं हाड मोडलंय का. औषधं कोणती घेतोस? म्हटलं, एकही नाही. हा प्रश्न त्यांनी फिरवून फिरवून विचारला. मी प्रत्येक वेळी नाहीच म्हटलं.

तुझ्या पुड्या वेळेवर मिळतात. पाकिटावर तुझं अक्षर, आत चिठ्ठी नाही. तात्यांना सांग, तुझ्या सासऱ्यांच्या हातची पुडी आहे, तिनं माझ्या दम्याला अजून दारात उभं केलेलं नाही.

आईचं तेवढं कळव.


२६ जून

दादा,

पाकीट मिळालं. पुड्या, आणि पहिल्यांदाच आत कागद. वहिनींचं अक्षर. आईंचं मनगट गेल्या वर्षी मोडलं, पलंगावरून उठताना नुसता हात टेकला होता. आता बऱ्या आहेत, चेहरा छान भरलाय, लोक विचारतात सासूला काय खायला घालतेस. एवढंच. वर्षभर मला कोणी कळवलं नाही, हे मी चार वेळा लिहून खोडलं. पत्ता सोडून मीही कुठं काय कळवत होतो.

इकडे माझ्या हाडांचं मोजमाप झालं. सपाट टेबलावर निजवतात, पोटऱ्यांखाली ठोकळा देतात आणि वरून एक दांडा हळूहळू सरकत जातो. दुखत नाही. फक्त हलायचं नाही. आणि तू मला ओळखतोस. यंत्रावरच्या बाईनं दोनदा परत पहिल्यापासून घेतलं. म्हणाली, ऐंशी वर्षांच्या बायका इथं मूर्तीसारख्या पडून राहतात, तुलाच कुठल्या मुंग्या चावतात?

पडद्यावर मणक्यांची उतरंड दिसते. मधला एक मणका पुढच्या बाजूनं दबलेला, कोणी पाय दिलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा. दोन बोटं तिथं गेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, हाड बाहेरून तसंच दिसतं, आतली जाळी विरळ होते. म्हातारपणी ती होतेच. तुझ्या वयात ती आपोआप होत नाही, काहीतरी तिला खातंय. सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं होतं, त्यातही काहीतरी त्यांना पटत नव्हतं. शरीर रोज पहाटे स्वतःचं एक द्रव्य तयार करतं म्हणे, ते माझ्यात नसल्यातच जमा. परत तोच प्रश्न, काय घेतोस? परत माझं तेच, काही नाही.

आता पुढचं ऐक. मी पोस्टातून पाकीट घेऊन तसाच इस्पितळात गेलो होतो. बाईंकडून बाहेर आलो, पुडीची वेळ झालीच होती, म्हणून बाकावर बसून एक पुडी सोडली, जिभेवर टाकली, वर पाणी प्यालो. सिस्टर समोर उभ्या.

"हे काय घेतलंस?"

"काही नाही, घरचं आहे."

त्यांनी माझा दंड धरला आणि मला परत आत नेलं. बाईंनी विचारलं, हे किती वर्षं? मला आठवावं लागलं. तुझं लग्न झालं त्या वर्षापासून. आपल्या गाद्यांच्या दुकानात कापूस पिंजला की माझा जीव घाबरा व्हायचा, रात्रभर उशीला टेकून बसायचो. तात्या पहिल्यांदा घरी आले ते पुडी देऊन गेले. त्या रात्री मी आडवा झोपलो. तू उशाशी बसून होतास, मी खरंच झोपलोय की गेलोय ते बघत. तेव्हापासून रोज. ते औषध आहे असं माझ्या मनातच आलं नाही. मीठ खातो ते कोण सांगतं का डॉक्टरला?

बाईंनी काही पुड्या तपासायला ठेवून घेतल्या. निघताना म्हणाल्या, आम्ही सांगेपर्यंत रोजच्यासारखी घेत राहा, स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. मी हो म्हटलं. का, ते विचारलं नाही. बस सुटायला आली होती.

तात्यांना अजून काही बोलू नकोस. उगाच त्यांचं मन दुखवायला नको, बहुतेक काही निघणार नाही. पण आईही घेते ना, गुडघ्यांसाठी? दिवसातून किती, ते कळव.


१५ जुलै

दादा,

आईच्या पुड्या आजच्या आज फेकून दे. हे पत्र हातात असताना ऊठ आणि फेक.

इस्पितळातून फोन आला होता. मी यंत्रापाशी होतो, एका कानात बोट घालून ऐकलं. त्या पुडीत मुळी नाही, पाला नाही, असला तर वासापुरता. त्यात स्टेरॉइड आहे. कारखान्यात बनलेलं, डॉक्टर मोजून देतात आणि शक्य तितक्या लवकर थांबवतात ते. त्यानं दमा दबतो, गुडघे हलके होतात, तोंड गोल होतं आणि हाडं आतून पोखरली जातात. आपण ते अर्धं आयुष्य चमच्यानं खाल्लं. सिस्टर पुढं आणखी काही सांगत होत्या, मी फोन ठेवून दिला. माझ्या डोळ्यापुढं आईचं मनगट येत होतं.

मी माझं सगळं पाकीट मोरीत ओतलं. आईचं तू ओत. एकही पुडी तिच्या पोटात जाऊ देऊ नकोस. ती चेहऱ्यानं भरलेली नाही, सुजलेली आहे, हे वहिनींना सांग.

आणि तुझ्या सासऱ्यांना विचार, त्या पुड्यांत काय भरता. मला माहीत आहे, तुझं घर त्यांच्या शब्दावर चालतं. दुकानासाठी नवी जागा त्यांनी शोधली, आईचे गुडघे त्यांनी चालते केले, मला झोप त्यांनी दिली. सगळं खरं. तरी विचार. आयुष्यात एकदा त्यांच्याऐवजी माझं ऐक.

सर्वांत जलद टपालानं पाठवतोय.


१७ जुलै

दादा,

आईची पुडी बंद करू नका. परवा जे पत्र टाकलं त्यातलं ते वाक्य चूक आहे, बाकीचं खरं आहे. हे कुठलं पत्र आधी पोहोचेल मला ठाऊक नाही, म्हणून पहिल्या ओळीत लिहिलं. तिची पुडी बंद करू नका. रोज जेवढी घेते तेवढीच द्या, आणि तिला लगेच मोठ्या इस्पितळात घेऊन जा.

मी अर्धंच ऐकून फोन ठेवला होता. आज सकाळी दवाखान्यात गेलो तो भिंत धरून. कालपासून उलट्या, घाम, उभं राहिलं की डोळ्यांपुढं काळोख. मला वाटलं संतापानं होतंय. सिस्टरनी रक्तदाब पाहिला आणि मला तिथंच आडवं केलं. डॉक्टरबाई आल्या त्याच विचारत, बंद केलीस का? मी अभिमानानं म्हटलं, सगळी मोरीत ओतली.

त्या मला बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आधी सुई दिली. मग खुर्ची ओढून बसल्या आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. इतकी वर्षं बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं तयार करायचं विसरतं. बाहेरचं एकदम तोडलं तर अंगात काहीच उरत नाही. माणूस कोसळतो. तू तरुण आहेस म्हणून चालत आलास, त्या म्हणाल्या. हळूहळू उतरवायचं असतं, महिनोन्‌महिने, मोजून.

मी विचारलं, म्हातारं माणूस असेल तर? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टेबलावरचा फोन माझ्यासमोर सरकवला.

तुझा नंबर लावला. वाजत राहिला. अनोळखी नंबर तू उचलत नाहीस, आणि वहिनींकडे वेगळा फोन नाही. दोनदा, तीनदा. मग तुझ्या शेजारच्या न्हाव्याचा लावला. तो मला पाठ आहे, त्याच्या दुकानाची पाटी मीच रंगवली होती आणि शेवटचा आकडा बसेना म्हणून त्यानं मला रडवलं होतं. त्यानं उचलला. म्हणाला, कोण, पळपुट्या? सूर्य कुठून उगवला आज? मी म्हटलं, दादाला हाक मार. तू गाद्या पोचवायला गेला होतास. मग त्यालाच सांगितलं, आईची पुडी बंद करू नका, काही झालं तरी बंद करू नका, पत्र येईल त्यात उलटं लिहिलंय. तो म्हणाला, पुडी चालूच ठेवा एवढं सांगायला एवढ्या लांबून फोन? बरं, सांगतो, इथं गिऱ्हाईक तोंडाला साबण लावून बसलंय.

तो काय सांगेल आणि काय विसरेल, देव जाणे. म्हणून हे पत्र. सोबत डॉक्टरबाईंनी तिथल्या डॉक्टरांसाठी लिहून दिलंय. ते आणि एक पुडी घेऊन जा. आईला म्हणावं घाबरू नकोस.

ती उभी आहे ना, एवढं कोणाकडून तरी कळव. न्हाव्याकडून कळव. मी त्याच्याशीही नीट बोलेन.


२२ ऑगस्ट

दादा,

काल तू फोन केलास तेव्हा मी जिन्यात होतो. तुझा नंबर बघून तिथंच पायरीवर बसलो. पुष्कळ वेळ तूच बोललास, मी हूं हूं करत होतो, आणि शेवटचं जे तू बोललास त्याचं उत्तर फोनवर द्यायचं राहिलं. म्हणून लिहितोय.

आधी न्हाव्याचं. तो तुझ्याकडे येऊन म्हणाला, तुझा भाऊ म्हणतो पुडी एकदम गुणकारी, एक दिवस चुकवू नका. आणि मग माझं जळजळीत पत्र आलं, फेकून दे म्हणून. तू म्हणालास, मला वाटलं हा आज एक बोलतो, उद्या दुसरं, नेहमीसारखं. पत्र सुयांच्या डब्याखाली सारलंस आणि आईची पुडी तशीच चालू ठेवलीस. तू माझं कधी ऐकत नाहीस म्हणून मी जन्मभर तुझ्यावर चिडलो. यावेळी ऐकलं असतंस तर काय झालं असतं, ते मी त्या दवाखान्याच्या खाटेवर आडवा पडून बघितलंय. डॉक्टरबाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

आता तात्यांचं. वहिनींनी दोन्ही पत्रं त्यांच्यापुढं मोठ्यानं वाचली, स्वतःच्या वडिलांपुढं, हे सोपं नव्हतं. तात्या उठून गेले तेव्हा तुम्हाला वाटलं रागावले. ते चूर्णाचा डबा घेऊन परत आले. त्यांची मुळी खरी होती, ते ती कुटायचेही खरंच. पण एक विक्रेता तयार चूर्ण देऊन जायचा, ते मिसळलं की गुण लवकर येतो म्हणून. आत काय असतं ते त्यांनी कधी विचारलं नाही, कारण गुण तर येत होता. आणि ते स्वतःही तेच खात होते. गेल्या साली खोकल्यानं त्यांची बरगडी मोडली, ते कोणाला बोलले नाहीत. बरगडी मोडलेल्या माणसाकडून औषध कोण घेईल, असं म्हणाले ना? मी त्यांच्याबद्दल त्या पत्रात जे लिहिलं ते खोडायला सांगणार नाही. पण आता ते घरोघर जाऊन लोकांना सांगतायत, एकदम बंद करू नका, डॉक्टरकडे जा, आणि लोक त्यांच्या तोंडावर दार लावतायत, हे ऐकून माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना.

आई आणि तात्या तिथल्या मोठ्या इस्पितळात एकाच बाकावर बसून आपला नंबर येण्याची वाट बघतात आणि हाडांच्या मोजमापात कोणाला किती गुण मिळाले त्यावरून भांडतात, हे तू सांगितलंस तेव्हा मी जिन्यात एकटाच हसलो. वरची बाई दार उघडून बघून गेली.

वहिनींचं वाईट वाटलं. औषध उतरतंय तसा आईचा चेहरा उतरतोय आणि गल्ली त्यांना विचारतेय, सासूला उपाशी ठेवतेस का. हे अजून काही महिने चालेल. इथंही माझ्या खोलीतले म्हणतात, तुला काय झालं, गालच गेले. मी आरशात बघतो तर बाबांसारखा दिसायला लागलोय. गोल तोंडामागं हा चेहरा होता, मलाच माहीत नव्हतं. वहिनींच्या जागी गल्लीला उत्तर तू दे. दुकानाच्या दारात उभा राहून दे, मोठ्यानं. तुझा आवाज त्या कामाचा आहे.

माझं म्हणशील तर दम्यासाठी आता तोंडात फवारा मारायचा असतो. हाडांसाठी वर्षातून एकदा शिरेतून औषध देणार. बाकी चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या, ऊन, रोज चालणं, वाकून काही उचलायचं नाही. मुकादमानं मला घड्या घालायच्या टेबलावर बसवलंय, बायकांमध्ये. त्या माझी रेवडी उडवतात, पण हात त्यांचा माझ्यापेक्षा भरभर चालतो. आणि एक. मोजमाप दरवेळी त्याच यंत्रावर व्हायला हवं, नाहीतर हाड सुधारलं की नाही ते कळत नाही. दोन वर्षं तरी. म्हणजे दोन वर्षं मी हे गाव सोडू शकत नाही. बाईंनी हे सांगितलं तेव्हा माझं तोंड बघून त्या म्हणाल्या, कोणी तुला तुरुंगात टाकत नाहीये.

आता शेवटचं. तू बोलता बोलता थांबलास, मला वाटलं फोन कटला. मग म्हणालास,

"पाकिटं मीच पाठवत होतो ना."

आणि माझी वाट न बघता फोन ठेवलास.

हो दादा, तूच पाठवत होतास. तुला बरं वाटावं म्हणून मी नाही म्हणणार नाही, आपल्यात आधीच फार गोष्टी न बोलता राहिल्यात. पण तुझ्याइतकंच मलाही विचार. मी किती नोकऱ्या सोडल्या, किती खोल्या बदलल्या, दरवेळी सामान उतरवायच्या आधी वहिनींना नवा पत्ता टाकला. पुड्या संपत आल्यात म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो. पुष्कळदा डबा अर्धा भरलेला असायचा. पाकिटावरचं अक्षर बघायचो आणि ठेवून द्यायचो. नको असतं तर पत्ता टाकला नसता. मग माझ्या मणक्याचं ओझं तू एकट्यानं का उचलायचं? तुझीही पाठ आता तरुण नाही.

तू म्हणालास, आई आता उठताना घाबरते, म्हणून सकाळी तू तिला काखेत धरून उचलतोस. उचलू नकोस. तुझा हात घट्ट आहे, तिची बरगडी नाही. इथं आम्हाला शिकवतात ते सांगतो. आधी पूर्ण कुशीवर वळायचं. मग दोन्ही पाय पलंगाखाली सोडायचे. मग कोपरावर रेटा देऊन बसतं व्हायचं, मनगटावर नाही. बसल्यावर लगेच उठायचं नाही, डोकं स्थिर होईपर्यंत थांबायचं. मग पाय जमिनीला लावून उभं. मीही रोज तसाच उठतो.

तू फक्त शेजारी उभा राहा. मध्येच वाटेल ती पडणार, तुझा हात आपोआप पुढं जाईल. मागं घे. तिला वेळ लागतो, पण ती उठेल.